लाल दोऱ्याचे तीन टाके

फिलूबाय, तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी उठायचं तेव्हा बसून राहिले आणि सगळे बसले तेव्हा एकटीच उभी होते. शेवटी तुझ्या सुनेनं ओढणी धरून मला खाली खेचलं. तू असतीस तर तोंडाला रुमाल लावून खुदखुदली असतीस. बारा वर्षं एका टेबलावर काम करून या नंदाला अजून देवळात उठाबसायचं कळत नाही, हे पुढचा महिनाभर गावात सांगत फिरली असतीस.

खरं सांगू? माझं लक्षच नव्हतं. पुढच्या बाकावरच्या बाईच्या ब्लाउजची पाठीमागची शिवण तिरकी गेली होती. फादर बोलत होते, मंडळी उत्तर देत होती, आणि मी ती शिवण बघत होते. तुला दाखवावी म्हणून डावीकडे वळले. डावीकडे तुझी जागा. गाळ्यात टेबलाशी तू डावीकडे, रिक्षात तू डावीकडे, कारण तुझा उजवा कान चांगला. डावीकडे एक अनोळखी म्हातारा होता. त्याला वाटलं, मला प्रार्थनेचं पुस्तक हवंय. त्यानं आपलं पुढे केलं. मी घेतलं आणि तसंच हातात धरून बसले, तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

बाहेर अंगणात तुझ्या नात्यातल्या एका आजीनं विचारलं, "तुमी दोघी कपडे शिवायच्या ना?" म्हटलं, नाही, पाणबुडे पाण्यात जाताना जी हवेची जॅकेटं घालतात ना, ती फाटली की आम्ही दुरुस्त करतो. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पान्यात काय फाटतं गो? पानी तर मऊ!" मग मी तिला खडकाचं सांगितलं, कालवांच्या शिंपल्यांच्या धारेचं सांगितलं, होडीच्या कडेला निघालेल्या खिळ्याचं सांगितलं. घाबरलेली गिऱ्हाईकं शिकवणाऱ्याचं जॅकेट कशी नखांनी ओरबाडतात, तेही सांगितलं. कालवं म्हटल्यावर तिला पटलं. "हां, कालव कापतं," म्हणाली. एवढं समजावून मी दमले, बाय. पूर्वी हे समजावण्याचं काम तुझं होतं.

तिथून थेट सातिवलीला गाळ्यावर गेले. घरी बोळिंजला जाऊन पडायला हवं होतं. ह्यांनी फोनवर तेच सांगितलं, आज राहू दे. पण मला घरी गेल्यावर काय करायचं ते सुचत नव्हतं. शटर वर केलं. सोल्युशनचा वास, ओलसर फरशी आणि दोरीवर एका रांगेत टांगलेली अकरा जॅकेटं. मालवणला लोकांना समुद्राखाली फिरवून आणणाऱ्या बाबलशेठचं पार्सल. जूनमध्ये आलं, तू तीन केलीस, मी आठ. एकावरही दोऱ्याची खूण नव्हती. गणपती झाले की त्यांचा समुद्र उघडतो, म्हणजे पार्सल आठवड्यात निघायला हवं होतं. आणि खूण कुणाची घालायची, हे मला ठरवता येत नव्हतं.

या खुणेवरून आपण किती भांडलो!

तुला आठवतं, असली जॅकेटं पहिल्यांदा आली तेव्हा आपल्यापैकी कुणालाच काही येत नव्हतं. लाइफ जॅकेटं शिवायचा तो कारखाना बंद पडला होता, मालकानं मागची खोली, म्हणजे हा गाळा, आणि दोन मशीनं आपल्याला वापरू दिली होती, आणि पूर्वी त्याच्याकडून लाइफ जॅकेटं नेणारे बाबलशेठ एक फाटकं जॅकेट घेऊन दारात उभे राहिले. बोटाएवढा चिरा. मी ब्लाउज शिवणारी बाई. म्हटलं, यात काय! बारीक टीप घातली, उलटून दुसरी घातली, दोरा सुबक कापला आणि तुझ्यापुढे ठेवलं. तू त्यात हवा भरून मागच्या हौदात बुडवलंस. टाक्याटाक्यातून बुडबुडे. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "नंदा, एक भोक होतं, तू चाळन केली."

मग आपण शिकलो. म्हणजे तू शिकलीस आणि मला शिकवलंस. जाळी सांधणाऱ्या घरातली तू, फाटकं बघितलं की तुझी बोटं आपोआप चालायची. बाजूची शिवण उसवून आतली पिशवी बाहेर काढायची. चिऱ्याभोवती स्पिरिटनं पुसायचं. बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, चकाकी जाईपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात. मग सोल्युशनचा एक हात, तो सुकला की दुसरा, तोही सुकला की ठिगळ दाबायचं आणि वर वजनाला थंड इस्त्री ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हवा धरतं ते ठिगळ. दोरा फक्त बाहेरच्या कापडाला.

आणि सुकण्याची वेळ तू घड्याळावर कधी मोजली नाहीस. हात लावून झाला की स्टुलावर बसून रोजरी, म्हणजे मरियामाऊलीची जपमाळ, म्हणायचीस. एक आख्खी रोजरी म्हणजे एक हात सुकला. मणी सरकवता सरकवता डोळा मात्र ठिगळावर. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई फारच देवभोळी. नंतर कळलं, देवाचं काम आणि सोल्युशनचं काम तू एकाच फेरीत उरकत होतीस. "माऊलीला चालतं," म्हणायचीस. "तिला पन घरकाम होतंच ना!"

दुसऱ्या दिवशी तपासणी. आधी हौदात बुडवून बुडबुडे बघायचे. त्यानंतरचा तुझा तो प्रकार. जॅकेट पुसून फुगवलेलंच ठेवायचीस, स्वतःचा गाल पाण्यानं ओला करायचीस आणि ठिगळाच्या कडेकडेनं गाल फिरवायचीस, डोळे मिटून. डोळ्याला दिसत नाही ते ओल्या गालाला गार लागतं, असं तुझं म्हणणं. मी हसायचे. "बाय, नातवाचा मुका घेतेस का काय!" तू मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचीस, "हस. हवा गेली की मंग हस."

गाल फिरवून झाला की कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके. ती तुझी खूण. तुमच्यात प्रत्येक घरच्या जाळ्याला अशी खूण असायची, समुद्रात कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून. तुझ्या वडिलांचा लाल दोरा होता. "ज्याची खून, त्याचं जालं," तू म्हणायचीस. "मासा आला तरी त्याचा, कचरा आला तरी त्याचाच." हळूहळू मालवणला सगळ्यांना सवय झाली. जॅकेट हातात आलं की आधी कॉलर उलटून लाल दोरा बघायचा, मगच अंगात घालायचं.

मला पहिल्यांदा काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं. निम्मी जॅकेटं माझ्या हातची, आणि सगळ्यांवर तुझा लाल दोरा! मी म्हटलं, मला माझी खूण हवी. हिरवा दोरा. तू म्हणालीस, हिरवा लवकर विटतो. मी म्हटलं, तुझा लाल तर खोल पाण्यात काळा दिसतो, बाबलशेठनीच सांगितलंय. तू म्हणालीस, "खाली कोन बघतो? खून वर आल्यावर बघायची." तुला बोलण्यात हरवणं मला बारा वर्षांत जमलं नाही.

पण तेव्हा तू ती मागणी हसण्यावारी नेत होतीस. केशरी जॅकेटानंतर तू हसणं बंद केलंस.

ते आज स्पष्ट लिहिते. दोन वर्षं जिभेवर होतं, पण ओठाबाहेर आलं नाही. जूनचा पहिला आठवडा होता, इकडे पाऊस लागलेला. तू भाचीच्या लग्नाला आठवडाभर नव्हतीस. मालवणची बोट उशिरा बंद होणार होती म्हणून बाबलशेठनी एक केशरी जॅकेट घाईनं मागितलं. मी एकटी. रोजरी मला येत नाही, पण त्याआधीच्या उन्हाळ्यात गंमत म्हणून मी तुझी रोजरी मोबाईलवर मोजली होती. वीस मिनिटं. म्हटलं, झालं, वीस मिनिटं लावू. प्रत्येक हाताला वीस मिनिटांचा गजर लावला आणि ठिगळ दाबलं. पावसाळ्यात तू दोन रोजऱ्या म्हणायचीस, हे मी इतकी वर्षं रोज ऐकलं होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, पावसाळ्यात काम कमी म्हणून तू जास्त प्रार्थना करतेस.

हौदात बुडवलं, बुडबुडे नव्हते. गाल फिरवायची मला लाज वाटली. आणि मग मी ते केलं. तुझ्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि कॉलरच्या आत तीन टाके घातले. मालवणला लाल दोरा नसता तर त्यांनी जॅकेट घातलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण खरंही होतं. पण गालानं न तपासलेल्या जॅकेटावर मी तुझं नाव घातलं, हेही खरं.

तू परत आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. तुझे हात सोल्युशननं भरलेले, म्हणून तू मला स्पीकर लावायला सांगितलंस. बाबलशेठचा आवाज गाळाभर. गिऱ्हाईक बरोबर असताना खोल पाण्यात ठिगळ सुटलं, हवा निघून गेली, शिकवणाऱ्या पोरानं कमरेची शिशाची वजनं सोडली आणि पाय मारत गिऱ्हाइकाला घेऊन वर आला. दोघंही वाचले, नशीब. त्यांनी तुला जे जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. लिहायची गरज नाही, तुझ्या एका चांगल्या कानानं ते सगळं ऐकलं होतं. मी कात्री हातात धरून उभी होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग फोनकडे तोंड करून म्हणालीस, "लाल दोरा हाय ना त्याला? मंग माझंच हाय ते. चुकलं माझं."

फोन ठेवला. हात धुतलेस. डबा उघडलास आणि म्हणालीस, "बोंबील आनलेत, घे." मी घेतले. खाल्लेसुद्धा. असलं कसलं माणूस मी, की त्या वेळी बोंबील गिळले गेले! पुढचा आठवडाभर मी वाट बघत होते की तू ओरडशील. तू ओरडायला कधी मागेपुढे बघणारी नव्हेस, कात्री चुकीच्या खिळ्याला अडकवली तरी गाळा डोक्यावर घ्यायचीस. पण याबद्दल शब्द नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा हिरव्या दोऱ्याचा विषय काढला. निर्लज्जच म्हणायचं. तू पॉलिश पेपर घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "एक फोन करायचा राहिलाय तुझा. तो कर, मंग घाल हिरवा." मी विचारलं, "कुठला फोन?" मला पक्कं माहीत होतं कुठला. तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे. तू घासत राहिलीस.

त्यानंतर आपलं भांडण असंच लोंबकळत राहिलं. मी वर्षातून दोनदा म्हणायचे, माझी खूण कधी. तू म्हणायचीस, फोन केलास का. मी मनात म्हणायचे, म्हातारीला मान सोडवत नाही, सगळं श्रेय स्वतःकडे हवंय. हे मी बोळिंजला घरी बोलूनही दाखवलं आहे, बाय. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फोन कसला करायचाय?" मी विषय बदलला.

आणि तरीही त्याच काळात माझी आई आजारी पडली, मी पंधरा दिवस गावी होते, तेव्हा माझ्या वाटणीची सहा जॅकेटं तू केलीस. मी आले तेव्हा ती घडी घालून माझ्या बाजूला ठेवलेली. मी म्हटलं, अगं ही तू केलीस, तुझ्या बाजूला ठेव. "तुझीच हायेत," म्हणालीस. आईच्या तेराव्याला तू ज्या गाडीनं आलीस ती चार तास रखडली होती, तरी आलीस, आणि पंगतीला न बसता मागे भांडी घासायला गेलीस. मी कृतज्ञ होते. पण कृतज्ञता सांगायला गेलं की तो फोन मध्ये यायचा. तुझ्या तोंडाकडे बघून आभार मानायचे म्हणजे आधी ते बोलावं लागणार, म्हणून मी आभारही मानले नाहीत. दोन्ही राहिलं.

यंदाच्या जुलैमध्ये तुझी बोटं काम करेनाशी झाली. तू म्हणालीस, पावसानं आखडलीत. मी मान डोलावली, मला ते पटवून घ्यायचं होतं. एका दुपारी तू म्हणालीस, "नंदा, हे जरा घासून दे ना मना, कोपरा राहिलाय." माझ्या समोर तीन जॅकेटं उघडी, पाठ मोडलेली, आणि मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं, "नंतर देते, बाय." तू परत म्हणाली नाहीस. नंतर मी दिलं का? आठवत नाही. खूप आठवून बघितलं. दिलं नसावं.

पुढच्या महिन्यात तुला हॉस्पिटलात ठेवलं. तिथे शेवटचं भेटायला आले तेव्हा मी ठरवून आले होते. रिक्षात वाक्यं जुळवली होती. तू विचारलंस, "किती झाली?" म्हटलं, माझी आठ झाली, तुझी तीन आहेत तशीच आहेत, तपासायची. "तपास ना मंग." मी म्हटलं, तू बरी होऊन ये आणि तूच तपास. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की ही बाई बावळट आहे का काय. मग म्हणालीस, "गालानं बघ. हसू नको." आणि डोळे मिटलेस. मी सांगायला गेले होते आणि मोसंबी सोलत बसले. साली तुझ्या उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. तेवढंच करून आले.

तर मिस्सेच्या दिवशी दुपारी मी गाळ्यावर अकरा जॅकेटं फुगवली. हौदात एकेक बुडवलं. आधी माझी आठ, मग तुझी तीन. सगळी व्यवस्थित. एकातूनही बुडबुडा नाही. तुझ्या तिन्हींना लाल दोरा घालायचा हे तर नक्कीच होतं, ती तुझीच. डबा उघडला, लाल दोरा ओवला, पहिलं जॅकेट मांडीवर घेतलं. मग तुझं ते हॉस्पिटलातलं तोंड आठवलं. गाळ्यात कुणी नव्हतं, तरी मी एकदा दाराकडे बघून घेतलं. गाल ओला केला.

पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं ते काळं, निळ्या पट्ट्याचं. ठिगळाच्या वरच्या कोपऱ्याशी डोळ्याखाली बारीकसं गार लागलं. मला वाटलं, पंखा. पंखा बंद केला. पुन्हा गाल लावला. पुन्हा गार. हौदात बुडवून दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. बऱ्याच वेळानं राईएवढा एक बुडबुडा कोपऱ्यातून सुटला, सावकाश वर आला आणि फुटला.

मला तुझा राग आला, बाय. इतका की मी ते जॅकेट टेबलावर आपटलं. बारा वर्षं माझ्या प्रत्येक कोपऱ्यावर बोट ठेवलंस, चकाकी राहिली, पुन्हा घास, चकाकी राहिली, पुन्हा घास, आणि शेवटचं स्वतःचं असं? मग बसले. सात दिवस मी लोकांना चहा देत होते, तुझ्या सुनेला धरत होते, फुलांची टोपली उचलत होते. त्या वेळी नाही, पण या एका बुडबुड्यानं मला कळलं की तू गेलीस. तुझा हात गेला होता आणि तू मला कोपरा घासून दे म्हणाली होतीस.

ठिगळ उचकटलं. वरच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा चकाकत होती, अजिबात न घासलेली. हाच तो कोपरा का? त्या दुपारी तुझ्या हातात कुठलं जॅकेट होतं ते मी पाहिलंच नव्हतं, मी मान वर केली नव्हती. आता कुणाला विचारू? हे मला कधीच कळणार नाही.

पुसलं, घासलं. कोपराकोपरा घासला. सोल्युशनचा पहिला हात दिला आणि हात सुकायची वाट बघत तुझ्या स्टुलावर बसले. हवेत इतका ओलावा, की भिंतीला पाणी सुटलेलं. मोबाईल पुढ्यात होता, त्याला हात लावला नाही. 'नमो मरिये' म्हणायला सुरुवात केली. मला येत नाही असं मी बारा वर्षं समजत होते. सगळं येत होतं, बाय. अडखळत, तुझ्याच सुरात, जिथे तू श्वास घ्यायचीस तिथे श्वास घेत. माळ नव्हती म्हणून डब्यातली बटणं मोजली. दोन रोजऱ्या. मग दुसरा हात आणि पुन्हा दोन. मध्ये कुठेतरी विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तुझ्या माऊलीनं हिंदू बाईच्या तोंडून एवढं कधी ऐकलं असेल की नाही, देव जाणे.

ठिगळ दाबून इस्त्री ठेवत होते तेव्हाच बाबलशेठचा फोन आला. तुझं त्यांना कळलं होतं, दोन मिनिटं ते तुझ्याबद्दलच चांगलं चांगलं बोलले. मग विचारलं, "ताई, जॅकेटां कधी येतली?"

मी म्हटलं, "दोन दिवस उशीर होईल. एक गळकं निघालं. पुन्हा केलंय, उद्या तपासायचंय."

"गळका? कोणाच्या हातचा?"

इथे मला फार विचार करावा लागला असं नाही. तू फोनकडे तोंड करून बोलली होतीस, तो तुझा चेहरा समोर होता. म्हटलं, "माझ्या हातचं. आणि शेठ, दोन वर्षांपूर्वी ते केशरी जॅकेट, ज्याचं ठिगळ पाण्यात सुटलं, तेही माझंच होतं. बाय तेव्हा इथे नव्हतीसुद्धा. लाल दोरा मी घातला होता."

मग ते म्हणाले, "मगे तिना माझे गाळी कित्याक खाल्ल्यान?"

"का खाल्ल्या, माहीत नाही," मी म्हटलं. माहीत होतं, पण ते त्यांना कसं सांगणार?

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. उसासा टाकून म्हणाले, "बाय आसती तर ह्या गळका रवला नसता."

ते ऐकून माझ्या तोंडात आलं होतं, शेठ, हे तिच्याच हातचं. जीभ दातांपर्यंत आली. मी गिळलं. त्या दिवशी तू काय गिळलं होतंस ते तेव्हा कळलं, आणि त्यावर तू मला बोंबील वाढले होतेस.

"हो," मी म्हटलं, "नसतं राहिलं."

दुसऱ्या दिवशी काळं जॅकेट पुन्हा फुगवलं. हौद, मग गाल. कुठे गार लागलं नाही. तरी आणखी एकदा फिरवला, माझ्या आठांवरूनही फिरवला. मग खुणा घालायला बसले. तुझी जी दोन पक्की होती, त्यांना लाल दोऱ्याचे तीन टाके घातले, तू घालायचीस तसेच, कॉलरच्या आत डाव्या अंगाला. बाकीच्या नऊंना हिरवा. काळ्यालाही हिरवा. हिरव्याचं रीळ मी कधीचं आणून ठेवलं होतं, दोन वर्षं खणात पडून त्याच्यावर धूळ बसली होती. पुसून घेतलं. मला वाटलं होतं, स्वतःची खूण घालताना आनंद होईल. हात दुखत होते, एवढंच जाणवलं.

पार्सल काल गेलं. दोन लाल, नऊ हिरवी. बाबलशेठ कॉलरी उलटून बघतील, तेव्हा त्यांना वाटेल, बायच्या हातून शेवटी दोनच झाली. वाटू दे. काळ्या जॅकेटाचं मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, तुझ्या सुनेला तर नाहीच. फक्त तुला सांगतेय, कारण तू हौदात न बुडवताही ओळखलं असतंस.

मी फोन केला, बाय. उशिरा केला, तू ऐकायला नव्हतीस तेव्हा केला, पण केला. आता तुझ्या लाल दोऱ्याच्या नावावर एकही गळकं जॅकेट नाही. हिरव्याच्या नावावर दोन आहेत, ते केशरी आणि हे काळं.